तबकड्या उभ्या राहत होत्या तेव्हा

पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपायी बाजूला पडला, तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात तबकड्यांना शिव्या घालणे हा टपरीवरचा नित्यनेम झाला आहे. ‘या छत्र्यांनी आपल्याला दिलं काय?’ रेल्वे मलाही हवी आहे. टोमॅटो न् द्राक्षं ट्रकमधूनच किती वर्षं धाडायची? पण छत्र्यांचा हा प्रश्न कानावर पडला की खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर आठवतात. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुर्बीण त्यांची नव्हे, ती उभारली गोविंद स्वरूप यांनी. भाषणांतून हमखास होणारी गल्लत आधीच निस्तरलेली बरी. आमच्या पिढीपुढे मात्र तबकड्या आणि नारळीकरांच्या कथा एकदमच आल्या.

कोल्हापूर, बनारस, केंब्रिज, फ्रेड हॉइल, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण हे सगळे शाळेच्या निबंधात घोटून झाले आहे, ते सोडतो. 1974 मधली एक गोष्ट मात्र सोडवत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. नाव झाकून परीक्षेला बसणारे नामवंत आपल्याकडे आणखी कोण? पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके येत गेली.

आमच्याकडे ती पोचली नव्वदच्या दशकात, वाचनालयाच्या खाकी वेष्टणात. त्याच वर्षांत खोडदला तबकड्या उभ्या राहत होत्या. एकेक 45 मीटर व्यासाची, अशा 30. चौदा मधोमध दाटीने, उरलेल्या तीन दिशांना पार पंचवीस किलोमीटरपर्यंत शेताशिवारांतून पांगलेल्या. तबकडी म्हणावे तर पत्रा कुठेच नाही. दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी, खाली उभे राहिले की आरपार आभाळ दिसते. वारा माजला की त्या तोंड वर करून गप्प उभ्या राहतात. जागा का निवडली? इथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांची आडभिंत. आमचे मागासलेपण आयुष्यात पहिल्यांदाच गुणांत धरले गेले.

हा तोच काळ, 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पिऊ लागला होता आणि शिकलेली माणसे वाट्या-चमचे घेऊन रांगेत उभी होती. मी त्या सुमारास ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचत होतो: डावे-उजवे आरशातल्यासारखे उलटलेल्या माणसाची कथा. नंतर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही तर? शिवनेरीच्या सावलीत वाढलेल्या पोराची झोप उडवायला एवढे पुरे होते. इतिहास इथे अंगात येतो. त्याच्यावर ‘समजा’ म्हणून विचार करता येतो, हे आम्हाला त्या कथेने शिकवले. विश्वोत्पत्तीच्या महास्फोट सिद्धांताला न जुमानता हॉइल आणि बर्बिज यांच्यासह 1993 मध्ये स्वतःचा वेगळा सिद्धांत मांडणारा हा माणूस, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत सही मागायला आलेल्या पोरांना म्हणे, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही मिळेल. आज सेल्फी काढून मोकळे होतात. प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

समीक्षकांनी काय केले? ‘मुलांसाठी ठीक’ म्हणून विज्ञानकथा बालवाङ्मयाच्या फळीवर सरकवली. त्यांची पात्रे पुठ्ठ्याची होती, संवाद मधेच व्याख्यान होत, हे मलाही मान्य. पण अशी पुठ्ठ्याची पात्रे सामाजिक कादंबऱ्यांत खंडीभर खपली, तिथे कुणी ब्र काढला नाही. साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 2014 मध्ये, तोही आत्मचरित्राला. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले डिसेंबर 2021 मध्ये, नाशिकला, ‘कृष्णविवर’नंतर सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर वयाची त्र्याऐंशी उलटली होती, प्रकृतीला प्रवास झेपला नाही. तर लोक रिकाम्या खुर्चीवरून कुरकुरले. साठीत बोलावले असते तर स्वतःच्या पायांनी आले असते.

आता दिवाळी अंकांत विज्ञानकथा शोधावी लागते, आणि खोडदच्या आसमंतात मोबाइलचा गलका वाढला आहे. रेल्वेसाठी जरूर भांडा. रेल्वेच्या विजेचा रेडिओ-गोंगाट दुर्बिणीपर्यंत पोचण्यापासून अडवायचा कसा, हे अभियंत्यांना विचारा, लेखी उत्तर मागा. तबकड्यांना शिव्या घालून एक स्टेशनही पदरात पडणार नाही. आणि 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची दारे उघडतात तेव्हा पोरांना घेऊन जा. आत शिरताना मोबाइल मात्र बंद करा.