पावलं नसलेला रोहित

कॅलेंडरवरचा फोटो बघून कधी चित्र काढलंय? काढलं असेल, तर "हे तर उतरवलेलं!" हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. मीसुद्धा एकदा असंच बोलून बसले.

आमची शाळा डोंबिवलीतली. गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक अबोल मुलगी होती. जूनमध्येच तिनं रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं, चित्र काढून आणलं. लांब मान, वाकडी चोच, गुलाबी रंग, सगळं हुबेहूब! फक्त पावलं नव्हती. फोटोतला पक्षी पाण्यात उभा होता ना!

"बाई, याची पावलं कशी असतात हो?"

मी वह्या तपासत होते. "फोटोवरून कशाला काढतेस? मनानं काढ की," असं म्हणून मोकळी झाले. पुढे दोन महिने तिच्या चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मधे सूर्य, एक झोपडी आणि नारळाचं झाड, एवढंच येत राहिलं. तुमच्याही वहीत असेलच म्हणा ते!

चूक माझी होती. कारण मुलांना चित्रं काढता यावीत म्हणूनच एका शिक्षकानं हजारो फोटो काढून ठेवले आहेत. त्यांचं नाव कार्ल ब्लॉसफेल्ट. जन्म १८६५, जर्मनीतला. लहान वयात ते लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी करत. फाटकांवर, कठड्यांवर जी वेलबुट्टी असते ना, तसलं काम. पुढे बर्लिनच्या कलाशाळेत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवलं. विद्यार्थ्यांनी नक्षीसाठी झाडंझुडपं बारकाईनं बघावीत, असं त्यांना वाटे. पण फुलं-पानं कोमेजतात, आणि कोवळा कोंब तर शेवटच्या बाकावरून दिसणार कसा? म्हणून त्यांनी घरी तयार केलेल्या कॅमेऱ्यानं कोंबांचे, कळ्यांचे, देठांचे कितीतरी पट मोठे फोटो काढले. झाडंही बागेतली महागडी नव्हेत, रस्त्याकडेची आणि रेल्वेच्या उतारावरची! १९२८ साली त्या फोटोंचं पुस्तक निघालं आणि त्रेसष्टाव्या वर्षी गुरुजी प्रसिद्ध झाले.

त्यातल्या काही फोटोंच्या झेरॉक्स काढून मी वर्गात लावल्या. एकात नेच्याचा कोवळा कोंब होता, गुंडाळी केलेला. एक मुलगा ओरडला, "बाई, आमच्या खिडकीच्या ग्रिलला असंच आहे!" मग काय, ज्याच्या त्याच्या घरचं ग्रिल आठवायला लागलं.

दुसऱ्या दिवशी माझी अबोल मैत्रीण रुमालात काहीतरी घेऊन आली. त्यांच्या इमारतीच्या ओल्या भिंतीवर उगवलेला नेचा! "फोटोतल्यासारखेच केस आहेत याला," ती म्हणाली. मी भिंग दिलं. कोंबाचं टोक फार नाजूक असतं, म्हणून ते गुंडाळीच्या पोटात सुरक्षित राहतं. बाहेरच्या बाजूला केस किंवा खवले असतात. मग आतली बाजू भरभर वाढते आणि गुंडाळी उलगडते. तिनं बंद, अर्धी आणि पूर्ण उघडलेली अशा तीन गुंडाळ्या काढल्या आणि त्यांची ओळ जोडून साडीच्या काठाची नक्षी केली. फोटोत एकच गुंडाळी होती, बरं का!

आई-बाबांनो, पावसाळ्यात ठाण्याच्या येऊरला गेलात तर भजी खाऊन झाल्यावर दोन मिनिटं नेच्यांपाशीही थांबा.

जानेवारीत तिचे बाबा तिला ऐरोलीजवळ खाडीवर घेऊन गेले. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये त्याला 'रामसर स्थळ' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे इथे रोहितांचे थवेच्या थवे उतरतात. चोच पाण्यात उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात. त्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून त्यांना गुलाबी रंग मिळतो.

सोमवारी नवं चित्र टेबलावर आलं. रोहित उडत होता. मान पुढे ताणलेली, पाय मागे ताणलेले आणि पावलांना बदकासारखे पडदे! पण पंखांची कड तिनं काळीकुट्ट रंगवली होती.

मी विचारलं, "हा काळा रंग कुठून आणलास? कॅलेंडरवर तर नव्हता."

"तेव्हा तो पंख मिटून उभा होता, बाई," ती म्हणाली.