कन्सोल घेण्यापूर्वी डिस्कचा विचार

डिचोली तालुक्यातील सुर्ल्यासारख्या गावात गेमची एक डिस्क चार घरांत फिरू शकते. ही देवघेव टिकणार की नाही, हे कन्सोल निवडतानाच ठरते. २०२१ मध्ये भारतात प्लेस्टेशन ५ दोन प्रकारांत आले: डिस्क चालवणारे ४९,९९० रुपयांना, डिस्कविना ३९,९९० रुपयांना. दुसऱ्यात दहा हजार वाचले. मात्र प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घेणे आले. तेथे पैसे मोजून मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. तो शेजाऱ्याला उसना देता येत नाही, खेळून झाल्यावर विकताही येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ग्राहकास हे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. पुढच्या स्लिम आवृत्तीला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो. तेव्हा पालकांनी त्याची किंमत धरूनच हिशेब मांडावा.