कड्यावरच्या गरुडाच्या गावी

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र म्हटलं की काय आठवतं? गणपतीपुळ्याचं दर्शन, ओल्या पायांनी खाल्लेली भेळ, सुरमईचं ताट आणि परतताना आंबा घाटात पोरांना लागलेली गाडी. त्यामुळे 'समुद्रावरचे पक्षी बघायला निघालोय' असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "का गं, रंकाळ्यावरचे पक्षी संपले काय?"

प्रश्न रास्त होता. रंकाळ्यावर आणि कळंब्याला हिवाळाभर पक्षी असतात, आणि आमचा बायकांचा छोटा गट तिथूनच तयार झाला. सकाळी फिरायला म्हणून जायचं आणि पाणकावळे मोजत उभं राहायचं. आमच्यातल्या एक निवृत्त बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनीच एकदा सांगितलं, "तळ्यातले पक्षी पाहिलेत, आता कड्यावरचे बघा. कडा म्हणजे पक्ष्यांची चाळ असते. कोण तळमजल्याला, कोण माळ्यावर."

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी, होळी होऊन थोडेच दिवस झाले होते, पहाटे साडेतीनला आम्ही नऊजणी निघालो. डब्यात दशम्या, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी. गळ्यात तीन दुर्बिणी, त्यातली एक कुणाच्या तरी मुलाची क्रिकेट बघायची. 'भडक कपडे नकोत' असं बाईंनी तीनदा बजावलं होतं, तरी एक वहिनी लालबुंद साडीत हजर. "मला वाटलं, पक्ष्यांना रंग कळत नसंल," म्हणाल्या. आपल्याला कळतो त्याहून जास्त कळतो, असं बाईंनी सांगितल्यावर बिचाऱ्या दिवसभर कुणाची तरी करडी शाल पांघरून फिरल्या, भर उन्हात.

मलकापूर मागे पडलं, घाट उतरून साखरपा आलं आणि हवेतला दमटपणा अंगाला जाणवू लागला. कोकणात शिमग्याच्या पालख्या अजून घरोघरी फिरत होत्या. एका वाडीशी ढोल वाजत होता आणि रस्त्याकडेला बायका ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. आम्हीही गाडी थांबवून हात जोडले. (खरं कारण वेगळं होतं. नऊ बायकांच्या प्रवासात सगळ्यात अवघड काम म्हणजे बरी मोरी शोधणं. त्या घरातल्या आजींनी काही न विचारता परसदार दाखवलं.)

रत्नागिरीत पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. रत्नदुर्ग, म्हणजे आपला भगवती किल्ला, तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला. देवीचं दर्शन घेऊन तटाच्या कडेला आलो आणि खाली बघितलं. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ आणि त्याच्या पायाशी पांढरा फेस. मी या किल्ल्यावर लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर दोनदा आलेय. फोटो काढलेत, कणीस खाल्लंय. पण तासभर एका जागी गप्प बसून कड्याकडे कधी बघितलं नव्हतं. बसल्यावर कडा हळूहळू हलायला लागतो.

सगळ्यात आधी दिसले पारवे. आमचा हिरमोडच झाला. यासाठी एवढ्या लांब आलो? बाई हसल्या. म्हणाल्या, "हेच तर यांचं माहेर." रानटी पारवा मुळात कड्यांच्या कपारीत घरटं करणारा पक्षी. माणसानं देवळं बांधली, वाडे बांधले, आता मजल्यावर मजले चढवले. पारव्याला ते सगळे कडेच वाटले आणि तो वळचणीला येऊन राहिला. आपण बाल्कनीला जाळी लावतो आणि त्याला उपरा म्हणतो. त्याच्या हिशेबानं ती बाल्कनी म्हणजे एक बरीशी कपार. त्यांच्या मध्येच काळपट तपकिरी, छोट्या पाकोळ्या कड्याला घासून गिरक्या घेत होत्या. पन्हाळ्याच्या तटावरही त्या असतात, आपण मान वर करत नाही एवढंच.

खालच्या खडकांवर समुद्री बगळे उभे होते. एक पांढराशुभ्र, शेजारी एक राखी-काळा. आम्ही दोन जाती म्हणून वहीत लिहिल्या आणि बाईंनी एक खोडायला लावली. जात एकच. यांच्यात काही पिल्लं गोरी निपजतात, काही सावळी. जोडी जमवताना ती भानगड आड येत नाही. यावर लाल साडीवाल्या वहिनी पटकन म्हणाल्या, "बरं हाय की. माझ्या धाकटीच्या वेळी बघायला आलेल्यांस्नी दाखवायला पाहिजे हे." सगळ्या हसल्या, पण हसू जरा लवकर थांबलं.

मिरकरवाड्याच्या बंदराकडे कुरव पक्ष्यांचे थवे होते. मासळीच्या बोटींमागून कलकलाट करत फिरणारे हे पांढरे पक्षी आपल्याकडे हिवाळ्याचे पाहुणे. वसंतात बघायची गंमत अशी की, हिवाळाभर यांचं डोकं पांढरं असतं आणि मार्च आला की त्यावर गडद तपकिरी टोपी चढायला लागते. त्या दिवशी कुणाची टोपी पूर्ण होती, कुणाची अर्धी, कुणाच्या कपाळावर नुसते डाग. लग्नघरात सकाळी नऊ वाजता जसं असतं तसं, अर्ध्याजणी नटलेल्या आणि अर्ध्या केस पुसत. टोपी पूर्ण झाली की ते निघणार. तपकिरी डोक्याचे कुरव वीण करायला पार लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर जातात. वाळूतल्या चिखल्या पक्ष्यांच्या छातीवरही विटकरी रंग उतरत होता. त्यांचीही निघायची तयारी. सासुरवाशिणींनी भरलेल्या गाडीतून आलेल्या आम्ही, ती लगबग बघत बसलो.

ही मराठी नावं आपल्याला मिळतात ती कुणीतरी गोळा करून ठेवली म्हणून. मारुती चितमपल्लींनी कोळी, पारधी, आदिवासी यांच्या तोंडची नावं जमवून 'पक्षिकोश' केला. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मला त्या वहीतला 'कुरव' हा शब्दच आधी आठवला.

ज्याच्यासाठी आलो होतो, तो साडेनऊपर्यंत दिसला नव्हता. मग बंदराकडून कावळ्यांनी एकदम कालवा केला आणि बाई नुसत्या "वर" म्हणाल्या. पंख जरासे वर उचलून, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे धरून, तो आला. डोकं, पोट पांढरं, पाठ राखी, पंखांची कड काळी, शेपूट पाचरीसारखी. समुद्र गरुड. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण दोन मीटर. दुसरा लगेच मागून आला, आणखी मोठा. ती मादी. गरुडांत बाईच थोराड असते. दोघांनी मिळून आवाज दिला. गरुडाची आरोळी वगैरे आपण समजतो तसं काही नाही, बदकानं भोंगा वाजवल्यासारखा आवाज. पण दोघं एकमेकांना साथ देत, कड्यावरून वारा घेत, पंख न हलवता उत्तरेकडे गेले.

हा पक्षी मासे खातो आणि समुद्रसापही खातो. घरटं मात्र कड्यावर क्वचितच. त्याला लागतं किनाऱ्याजवळचं उंच, जुनं झाड. आंबा, वड, सुरू. काटक्यांचा हा मोठा ढीग, दरवर्षी तोच, त्यावर आणखी काटक्या रचायच्या. अंडी साधारण दोन, जगतं बहुधा एक पिल्लू. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या लोकांनी १९९० च्या दशकातच रत्नागिरी-सिंधुदुर्गचा किनारा पायाखाली घालून ही घरटी शोधली होती. पुढे वेळासची कासवं वाचवणारी ती हीच संस्था. घरटी बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या झाडांवर असतात. म्हणजे गरुड आकाशाचा राजा खरा, पण राहतो भाड्यानं, तेही भाडं न देता.

बाईंच्या ओळखीनं आम्ही दुपारी अशाच एका झाडाखाली गेलो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हल्ली घरट्याचा पत्ता कळला की कॅमेरे घेऊन माणसं जमतात, आणि आईबाप घरट्यावर यायला घाबरले तर पिल्लू उपाशी राहतं. आम्हीही लांब पडवीतूनच बघितलं. रायवळ आंब्याचं जुनं झाड, दोघींच्या कवेत न मावणारं. शेंड्यालगत ढीग आणि त्याच्या काठावर तपकिरी रंगाचं, जवळजवळ आईएवढं पिल्लू पंख फडफडवून बघत होतं. आईबापासारखा पांढरा-राखी वेष यायला त्याला आणखी काही वर्षं लागतील. झाडाखाली हाडं पडलेली. समुद्रसापांचे मणके, माळेतून ओघळल्यासारखे.

घरमालकीण एकट्याच असतात. साठीच्या पुढच्या. मुलगा मुंबईला. आम्हाला कोकम सरबत दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकल्या. "ताई, झाड माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. आंबा आंबटढाण, लोणच्याला पण कोण नेत नाय. मे २०२१ च्या वादळात एक फांदी गेली ती माझ्या गोठ्यावर. लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. पैसे बरे देतो. कौलं बदलायचीत, मुलाचं पण म्हणणं देऊन टाक."

"मग?" लाल साडीवाल्या वहिनींनीच विचारलं.

"मग काय. त्याला सांगितलं, पोर आहे वर. बाळंतिणीला घराबाहेर काढतं काय कोण? पोर उडूं दे, मग बघू."

आंबा तोडायला परवानगी लागते, पिल्लू असलेलं घरटं पाडणं हा गुन्हा आहे, हे आम्ही त्यांना सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. पण गळणारं छप्पर कायद्याला विचारून गळत नाही. पिल्लू उडाल्यावर झाड तोडलं तर पुढच्या ऑक्टोबरात ती जोडी परत येईल तेव्हा तिथं काय असेल, हेही त्यांना माहीत होतं. "तीच दोघं येतात की दुसरी, ते नाय सांगता यायचं. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून वर घरटं आहे."

मला तेव्हा आसाममधल्या पूर्णिमा देवी बर्मन आठवल्या. हरगिला नावाचा मोठा, टकलू, लोकांना अपशकुनी वाटणारा करकोचा आहे. २००७ मध्ये एका गावात त्याची घरटी असलेलं झाड मालकानं तोडलं, पिल्लं खाली पडली. पूर्णिमाताई तेव्हा संशोधन करत होत्या. त्यांनी मालकाशी भांडण्याऐवजी गावातल्या बायकांना गोळा केलं. घरटी भरली की त्या पक्ष्याचं डोहाळजेवण करायला सुरुवात केली. आपल्याकडे जसं करतात तसंच, गाणी म्हणून, गोडधोड करून. बायका मागावर हरगिला विणू लागल्या, त्याचे गमछे विकले जाऊ लागले, आणि झाडवाल्या घराला गावात मान आला. आज तिथं हजारो बायकांची 'हरगिला आर्मी' आहे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पूर्णिमाताईंना पर्यावरणाचा मोठा पुरस्कार दिला.

हे मी त्या काकूंना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "तिकडे हजार बायका आहेत. इथं वाडीत आम्ही सातजणी राहिलो, त्यात दोघींचे गुडघे गेलेले." मला उत्तर सुचलं नाही. किनाऱ्यावरची अर्धी घरं कुलूपबंद असताना डोहाळजेवणाला बायका कुठून आणायच्या? निघताना आमच्यातल्या एकीनं पर्स उघडली, तर काकू चक्क रागावल्या. शेवटी आम्ही त्यांच्याकडचं असेल नसेल ते आमसूल, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी विकत घेतली, आणि तेही त्यांनी वर एकेक मूठ जास्त घालून दिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत बाईंनी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांची गोष्ट सांगितली. तिथल्या अंधाऱ्या गुहांत एक छोटी पाकोळी राहते, जी स्वतःच्या लाळेनं घरटं चिकटवते. काळोखात टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, वटवाघळासारखी. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब पक्ष्यांचेही वेडे. त्यांनी एकोणिसाव्या शतकातच त्या बेटांवरच्या पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं होतं. असल्या घरट्यांचं परदेशात सूप करतात, म्हणून इथूनही ती चोरीला जात होती, आणि ती चोरी उजेडात आणण्यात चिपळूणच्या याच मंडळींचा पुढाकार होता. ऐकता ऐकता निम्म्याजणी झोपल्या होत्या. साखरप्याला चहाला उतरलो तेव्हा लाल साडीवाल्या वहिनी म्हणाल्या, "त्या काकूंचा नंबर घेतला काय कुणी?" घेतला होता, त्यांनीच.

तेव्हापासून त्या महिन्याला एक फोन करतात. एप्रिलच्या शेवटी कळलं, पिल्लू उडालं. मेमध्ये कळलं, उडालं तरी संध्याकाळी फांदीवर येऊन बसतं आणि आईकडे मासा मागतं. जूनमध्ये पावसाआधी व्यापारी पुन्हा येऊन गेला. आमच्या भिशीतून आम्ही कौलांसाठी पैसे पाठवायचं ठरवलं, तर काकूंनी फोनवर स्वच्छ सांगितलं की दान नको, आमसुलाची आगाऊ ऑर्डर द्या. मग चाळीस किलोची दिली. सध्या आमच्या नऊ घरांत आणि नऊजणींच्या सगळ्या नणंदा-भावजयांच्या घरांत आमटीला चिंच पडत नाही. सासूबाईंना आमसुलाची आमटी आवडत नाही, पण परवा त्यांनीच विचारलं, "त्या पक्ष्याचं काय झालं गं? झाड हाय न्हवं अजून?"

आहे, म्हणून सांगितलं.