माळवदावरील माती व पत्र्यावरील धोंडे

रोहिणीचा पाऊस लागण्यापूर्वीं शेतकरी नांगरट, कुळवणी व बी-बियाणें यांची काळजी घेतो. तितकीच काळजी त्यानें डोक्यावरील छपराचीहि घ्यावी असें आम्हांस वाटतें. परंतु गांवोगांव जी रीत दृष्टीस पडते ती निराळी आहे. पहिला वळीव कोसळून घरांत ठिबक लागली म्हणजे घमेलें घेऊन माळवदावर चढावयाचें, अथवा वावटळींत पत्रा खडखडला म्हणजे त्यावर आणखी दोन धोंडे ठेवावयाचे, एवढ्यावर छपराची डागडुजी आटोपते. गळणाऱ्या छपरास माती आणि उडणाऱ्या छपरास धोंडा. एकूण काय, तर वजन वाढविणें हा दोन्ही दुखण्यांवर आमच्या भागांतील एकच उपाय होऊन बसला आहे. तो घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें कां हें येथें सांगावयाचें आहे.

बीड तालुक्यांतील मांजरसुंब्याजवळचें कपिलधार हें स्थान श्रीमन्मथस्वामींच्या समाधीमुळें व तेथील धबधब्यामुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. बालाघाटाच्या या डोंगरांतील वाड्यावस्त्यांतून हिंडलें म्हणजे काळ्या दगडाचीं जुनीं माळवदाचीं घरें अद्याप दिसतात, आणि त्यांच्याच शेजारीं मुलांनीं वेगळीं निघून बांधलेलीं पत्र्याचीं घरें दिसतात. पठारावर वारा किती वाहतो हें सांगावयास नको. अलीकडे बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगीच नव्हेत.

माळवदाची रचना वाचकांस माहीत आहेच. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फोडलेल्या लांकडाच्या चिपा, त्यांवर निरगुडीचा किंवा कडुलिंबाचा पाला, पाल्यावर चिखल व सर्वांत वर पांढरी माती. ही माती गांवठाणाची अथवा पडक्या गढीची असते. ती काळीसारखी फुगत नाहीं व वाळल्यावर तशी भेगाळत नाहीं, म्हणून वाडवडिलांनीं ती पसंत केली. (कित्येक गांवांच्या गढ्या याच पायीं खांद्याएवढ्या उरल्या आहेत, हा भाग निराळा.) चैत्र-वैशाखांत असल्या घरांत जो गारवा असतो तो पत्र्याखालीं बसणारास मिळावयाचा नाहीं. तेव्हां माळवद वाईट असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मात्र तें गळूं लागलें म्हणजे माती कमी पडली असा जो समज आहे तो बहुधा खोटा असतो. पावसानें माती वाहत जाऊन पन्हळीचें तोंड बुजतें. मधोमध खोलगट होऊन पाणी सांचतें. उंदीर व घुशी बिळें करितात. साण्याच्या कडेनें माती सुटते. कठड्याच्या सांध्यांत पिंपळाचें रोप मूळ धरतें. पाणी आंत येतें तें ह्या वाटांनीं. वर दोन बोटें नवी माती पसरली म्हणजे वाट चार दिवस झांकली जाते, बुजत नाहीं. पुढल्या वर्षीं पुन्हां माती.

याचा हिशेब करून पाहावा. एक घनफूट कोरडी माती अजमासें ४५ किलो भरते. १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा खोलीवर एक इंच माती पसरली तर ती १० घनफूट, म्हणजे साडेचारशें किलो झाली. दरवर्षीं एकच इंच, असें दहा वर्षें चाललें तर साडेचार हजार किलो. भिजली म्हणजे त्याहून अधिक. आणि खालच्या कड्या मात्र त्याच, आजोबांच्या वेळच्या, कदाचित् वाळवीनें पोखरलेल्या.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसें मेलीं. गणपति बोळवून लोक निजले होते. चिखलांत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीचीं जड छपरें त्यांच्या अंगावर आलीं. त्याच भागांत जेथें छपराचा भार भिंतीवर नसून लांकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तेथें भिंती ढांसळूनहि कित्येक ठिकाणीं छप्पर उभें राहिलें. वादळपावसाच्या लेखांत भूकंप कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु सात-आठ दिवसांच्या झडींत भिंत भिजून खचली म्हणजे तोच प्रकार एका घरापुरता होतो, आणि वर्तमानपत्रांत त्याच्या चार ओळी येतात.

म्हणून वैशाखांत, आभाळ कोरडें असतां, जुनी माती खरवडून खालीं उतरवावी. ती भिंतीलगत न टाकतां दूर टाकावी. कड्या एकेक ठोकून पाहाव्या. जी पोकळ वाजेल ती बदलावी, निदान तिच्याखालीं टेकू द्यावा. पाला नवा घालावा व त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरावा. शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा यास उत्तम. त्याच्या कडा कठड्यालगत वीतभर वर वळवाव्या. त्यावर सहा ते आठ इंच माती पुरे. पांढरी माती, गव्हाचा भुसा व शेण एकत्र कालवून चार दिवस भिजत ठेवावें, तुडवावें, मग थापून चोपावें. उतार दर १० फुटांस ३ इंच असावा. ३०० चौरस फूट माळवदावर एक इंच पाऊस पडला तर तें पाणी सातशें लिटर होतें; तें एका बुजलेल्या पन्हळीनें जाईल कसें? पन्हळी दोन ठेवाव्या, आणि त्यांचें तोंड भिंतीपासून दीड फूट तरी पुढें असावें, नाहीं तर छपराचें पाणी भिंत खातें. पावसाळ्यांत पंधरा दिवसांनीं एकदां वर जाऊन पन्हळीचें तोंड मोकळें करणें हें घरांतील एकाचें ठराविक काम असावें.

पत्र्याचें दुखणें याच्या उलट, हलकेपणाचें आहे. वारा पत्र्यास खालीं दाबतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः कमी उताराच्या छपरावरून वेगानें जाणारा वारा पत्रा वर ओढतो, व उघड्या दारांतून शिरलेला वारा त्यास खालून ढकलतो. ताशीं १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस फुटास चार किलोंहून थोडा अधिक भरतो. वर सांगितलेल्या खोलीच्या छपरावर तो सुमारें पांचशें किलो झाला. पत्र्यांचें स्वतःचें वजन ५०-६० किलो. त्यावर दहा-दहा किलोचे दहा धोंडे ठेविले तरी भर शंभराचीच. पत्रा तर जातोच. धोंडा मात्र खालीं निजलेल्या लेंकरावर किंवा दावणीच्या बैलावर येतो. दर उन्हाळ्यांत मराठवाड्यांत अशा बातम्या येतात.

पत्रा धरावयाचा तो आंकड्यांनीं. आंकड्याचे बोल्ट लोखंडी पाइपास किंवा लांकडी वाशास घट्ट बसवून वर डांबरी वायसर घालावा. भोंक नेहमीं पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावें, पन्हळींत कधींहि नाहीं. निम्मी गळती ह्या एका चुकीनें होते. वळचणीला व माथ्यावर एक उंचवटा सोडून एक आंकडा असावा, कारण पत्रा उचलण्यास तेथूनच आरंभ होतो. खालच्या-वरच्या पत्र्यांची जोड निदान सहा इंच व बाजूची जोड दोन उंचवट्यांची असावी, आणि बाजूची कड वळवाच्या वाऱ्याकडे तोंड करून नसावी. हा वारा कोणीकडून येतो तें गांवांतील म्हाताऱ्यांस ठाऊक असतें. वळचण दीड फुटाहून अधिक पुढें काढूं नये. पडवीचें छप्पर घराच्या छपरापासून वेगळें असावें, म्हणजे एक गेलें तरी दुसरें राहतें. एवढें करूनहि पाइप भिंतींत नुसते अडकविले असतील तर आंकड्यांसह सगळा सांगाडा उचलला जाईल. पाइपास लोखंडी पट्टी जोडून ती भिंतींत दोन-तीन फूट खोल बांधून घ्यावी. भिंतीचें वजन छपरास धरून ठेवील, तें वजन छपरावर ठेवण्याची गरज नाहीं. गोठ्यास व कांद्याच्या चाळीसहि हेंच लागू.

सिमेंटच्या पत्र्याविषयीं इतकेंच, कीं गारपिटींत तो टिकत नाहीं, व त्यावर पाय देणें जिवावरचें असतें. स्लॅबाचें घर असेल त्यानें उतार, भेगा व पन्हळ पाहिली म्हणजे पुष्कळ झालें.

आतां वेळेचा प्रश्न. ह्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं पाडव्याच्या आगेमागें परततात. पांच-सहा महिने घरास कुलूप, किंवा घरीं म्हातारीं माणसें. आणि गारपीट येते ती नेमकी तेव्हांच. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट कोणी विसरलेलें नसेल. म्हणून पत्र्यावरील धोंडे उतरविणें व आंकडे कसणें हें काम कपिलधारची कार्तिकी यात्रा होण्यापूर्वीं, गाडी भरण्याच्या आधीं करावें. माळवदाची माती उतरविण्याचें काम परतल्याबरोबर हातीं घ्यावें.

नुकसान झालेंच तर पंचनामा होईपर्यंत उडालेले पत्रे व मोडलेल्या कड्या गोळा करूं नयेत. करणें भागच पडलें तर आधीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं व त्याच दिवशीं तलाठ्यास कळवावें. महसुलाच्या दप्तरांत आमचीं वर्षें गेलीं, त्यावरून सांगतों, कीं अडचण बहुधा पंचनाम्यांत येत नाहीं, ती नांवांत येते. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ काढून पाहावा. घर अद्याप मयत आजोबांच्या नांवावर असेल तर वारसाची नोंद याच उन्हाळ्यांत करून घ्यावी.