बीमचा ओढा कॉलममध्ये जातो कुठून?

देवळाली प्रवरात भूकंपाचा विषय काढला की लगेच कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे कुठं होतो भूकंप?" किल्लारीचा भागही तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा धरलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. तिथल्या दगडमातीच्या भिंती जाडजूड होत्या, पण त्यांचे दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. सामान होतं, सांधा नव्हता.

आज आपण बघणार आहोत तो सांधा पोलादी बीम आणि काँक्रीट भरलेला नळीचा कॉलम यांचा. हा कॉलम मुळात चांगला. काँक्रीट नळीला आत दबू देत नाही, आणि नळी काँक्रीटला बाहेर फुटू देत नाही. मग अडतं कुठं?

भूकंपात बीम एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. त्याची एक पट्टी कॉलमला ढकलते, तर दुसरी ओढते. ढकललं तर मागे काँक्रीट आहे, ते झेलतं. पण ओढलं तर? नळीचा पत्रा काँक्रीटपासून सुटून बाहेर फुगतो आणि वेल्डिंगच्या कडेला फाटायला लागतो. म्हणजे बीम नुसता पत्र्याला वेल्ड केला, तर आतल्या काँक्रीटचा ओढीच्या बाजूला उपयोगच नाही.

आता कळक आठवा. पेर पोकळ, पण जिथून फांदी फुटते त्या गाठीला आत आडवा पडदा असतो. आपणही तेच करायचं. बीमच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या पातळीवर कॉलमला आडवी प्लेट द्यायची: आतून, आरपार किंवा बाहेरून कॉलरसारखी. आतल्या प्लेटला मधे मोठं भोक आणि कडेला हवेसाठी लहान भोकं हवीत, नाहीतर प्लेटखाली काँक्रीट पोकळ राहतं.

एवढ्यानं भागत नाही. १७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेत नॉर्थरिजला आणि बरोबर वर्षानं जपानमध्ये कोबेला पोलादी इमारतींचे वेल्ड सांध्यापाशीच तडकले. त्यानंतर एक उपाय रुजला: सांध्यापासून थोडं पुढे बीमची पट्टी मुद्दाम अरुंद कापायची. बीम तिथं वाकतो, भूकंपाची ऊर्जा तिथं खर्च होते, वेल्ड आणि कॉलम वाचतात. अमेरिकी नियमांत सर्वांत कडक वर्गाच्या सांध्याची कसोटी ४ टक्के कलण्याची आहे. म्हणजे ३ मीटरचा मजला १२ सेंटीमीटर सरकला, तरी सांध्याची बहुतेक ताकद टिकली पाहिजे.

तेव्हा दुकान असो की मंगल कार्यालय, कॉलम किती जाड, एवढंच विचारून थांबू नका. इंजिनिअरला नकाशावर बोट ठेवून विचारा: बीमचा ओढा कॉलममध्ये जातो कुठून? आणि काँक्रीट भरण्याआधी आत डोकावून बघा, कारण नंतर तिथं काय आहे ते कुणालाच दिसत नाही.