पवनचक्क्यांखालचा दर्या

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं ब्रिडलिंग्टन हे युरोपातलं शेवंडाचं सर्वांत मोठं बंदर म्हणून ओळखलं जातं. तिथला शेवंड आपल्याकडच्यासारखा नव्हे, त्याला खेकड्यासारख्या दणकट नांग्या असतात. दोरीला ओवलेले पिंजरे तळाला सोडायचे. वर ओढले की डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत माप लावायचं. 87 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, की परत पाण्यात.

या बंदराच्या दक्षिणेला, होल्डरनेसच्या किनाऱ्यापासून साधारण 8 किलोमीटरवर, 2014मध्ये ‘वेस्टरमोस्ट रफ’ प्रकल्पाच्या 35 पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. मच्छीमार धास्तावले, पण नुसती ओरड करून थांबले नाहीत. त्यांच्या संघटनेने स्वतःची बोट घालून 2013मध्येच, म्हणजे खांब ठोकण्याआधी, शेवंड मोजून ठेवले. बांधकामासाठी सुमारे 20 महिने तिथली मासेमारी बंद होती. बंदी उठली तेव्हा पिंजऱ्यांत पूर्वीपेक्षा जास्त आणि मोठे शेवंड आले. पुन्हा पिंजरे पडू लागल्यावर मात्र आकडे खाली आले. म्हणजे श्रेय पवनचक्कीचं नव्हतंच, मासेमारी बंद राहिल्याचं होतं. पुढची काही वर्षं मोजणी चालू राहिली. शेवंडाच्या पकडीवर पवनचक्क्यांचा ठळक परिणाम दिसला नाही, बराही नाही नि वाईटही नाही. पवनऊर्जा कंपन्यांच्या चकचकीत पुस्तिका वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

खांबांचा स्वतःचा परिणामही आहेच. वाळूच्या सपाट तळात पोलाद आणि पायथ्याला दगड आले, की शिणाणे, समुद्रफुलं आणि बारीक कवचधारी जीव त्यावर चिकटतात. बेल्जियमच्या समुद्रातल्या थॉर्नटन बँक या वाळूपट्ट्यावरच्या पवनचक्क्यांजवळ पाउटिंग नावाच्या माशांची पोटं तपासली, तर खांबांवर वाढणारे हेच बारीक कवचधारी जीव आत सापडले. मासा तिथे जमतो, खातो. तो नव्याने वाढतो की आजूबाजूचाच गोळा होतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

सगळ्यात घातक काळ खांब ठोकण्याचा. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह 2 प्रकल्पात घणाचे घाव सुरू झाले, की पॉरपॉइज (डॉल्फिनचा आखूड तोंडाचा भाऊबंद) सुमारे 18 किलोमीटरपर्यंत कमी ऐकू येऊ लागले. त्यांचा वावर मोजतात तो त्यांच्या आवाजावरूनच. घणाच्या अशा आवाजाला आवर घालायला जर्मनीने 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादा घातली. ती पाळायला खांबाभोवती तळातून हवेचे बुडबुडे सोडून पडदा उभा करतात.

आणि माणसं? बेल्जियममध्ये पवनचक्क्यांच्या पट्ट्यात ट्रॉलरला बंदी आहे. ब्रिटनमध्ये सरसकट बंदी नाही, तरी केबलमध्ये जाळं अडकेल या धास्तीने बरेच ट्रॉलर आत शिरत नाहीत. पिंजरेवाला खांबांच्या मधून वाट काढतो. त्यामुळे ‘मासेमारीवर परिणाम काय’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. आधी विचारावं, कुठल्या जाळ्याची मासेमारी?

आपल्याकडे हा प्रश्न दाराशी आला आहे. 2015मध्ये केंद्राने समुद्री पवनऊर्जेचं धोरण आखलं; जून 2024मध्ये 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात 500-500 मेगावॉटसाठी. गुजरातची जागा पिपावावसमोरची, म्हणजे जाफराबादच्या बोंबिलाची शेजारीण. तिथली डोल ही जाळी आपल्या वसई-अर्नाळ्याच्या डोलीची सख्खी बहीण: तोंड प्रवाहाकडे करून एका जागी रोवलेली, भरती-ओहोटीच्या ओढीवर भरणारी. ट्रॉलरसारखी ती मासळीमागे फिरत नाही. खांबांमुळे प्रवाह किंचित वळला, गाळ हलला, तरी बोंबील आणि जवळा आपली वाट बदलू शकतात. डोलीला मात्र हलता येत नाही. वर आलेले उत्तर समुद्रातले निष्कर्ष या गढूळ पाण्याला लावणं धाडसाचं होईल. पहिला खांब ठोकण्याआधी निदान दोन-तीन हंगाम डोलीत काय येतं, किती येतं, हे मोजायला हवं, आणि मोजणाऱ्या बोटीवर तिथलेच खारवे-कोळी हवेत.