खोट्या मिशा, खरा घाम

नायक लो लिएहचे तळहात तांबडेलाल होतात. पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाटावा असा कर्कश सूर घुमतो, कॅमेरा झपकन त्याच्या डोळ्यांवर जातो आणि समोरच्याची आता धडगत नाही हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. १९७२ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सने काढलेल्या 'किंग बॉक्सर'मधला हा प्रसंग. हातांची लाली म्हणजे नुसता लाल दिव्याचा झोत. तो सूर क्विन्सी जोन्सने 'आयर्नसाइड' या अमेरिकन मालिकेसाठी बांधलेला, इथे सरळ उचललेला. दिग्दर्शक जोंग चांग-ह्वा कोरियाचा. नायकाच्या आणि खलनायकांच्या तोंडी बसवलेलं इंग्रजी ओठांशी कुठेच जुळत नाही. वॉर्नर ब्रदर्सने हाच चित्रपट 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' या नावाने १९७३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत लावला. मे महिन्यातल्या एका आठवड्यात तिथल्या तिकीटबारीवर पहिल्या तिन्ही जागा हाँगकाँगच्या मारधाडपटांकडे होत्या: ब्रूस लीचा 'द बिग बॉस', अँजेला माओचा 'लेडी व्हर्लविंड' आणि हा.

याला पन्नास वर्षं उलटून गेली. त्या काळातले कितीतरी मोठ्या खर्चाचे, मानाची पारितोषिकं मिळवलेले चित्रपट आज कुणी पाहत नाही. हे मारधाडपट पाहिले जातात, पुन्हा पुन्हा पाहिले जातात, आणि ज्यांचे आईबापही तेव्हा शाळकरी होते अशी मुलं ते पाहतात. 'इतके वाईट की मजा येते' असं त्याचं एक ठरीव कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. चिकटवलेल्या पांढऱ्या भुवयांना हसू येतं, ते यायलाच हवं. पण त्या हसण्यावर माणूस दहा मिनिटं बसेल, पुढचे दीड तास बसणार नाही. त्या दीड तासात त्याला खुर्चीला खिळवून ठेवणारं दुसरंच काही आहे.

आधी या स्वस्ताईचा कारखाना पाहू. शॉ ब्रदर्सने क्लिअरवॉटर बे इथे उभारलेली 'मूव्हीटाउन' ही चित्रनगरी १९६१ मध्ये सुरू झाली. नट-नट्या कराराने बांधलेल्या, बरेचसे त्याच आवारातल्या वसतिगृहात राहणारे. गावातला रस्ता, खानावळ, देवळाचं आवार हे सेट कायमचे उभे. म्हणून या चित्रपटांचे शौकीन एकाच जिन्यावरून वेगवेगळ्या शतकांतले खलनायक गडगडताना ओळखतात. चित्रण बहुतेक आवाजाविनाच व्हायचं. संवाद मागाहून मँडरिनमध्ये, कँटनीजमध्ये आणि परदेशी विक्रीसाठी इंग्रजीत भरले जायचे. हे इंग्रजी डबिंग बहुधा हाँगकाँगमध्येच राहणाऱ्या मूठभर गोऱ्या मंडळींकडून उरकून घेतलं जाई. त्यामुळे दहा चित्रपटांतल्या दहा म्हाताऱ्या गुरूंचा आवाज एकच. सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी वीस-बावीसच टिपायची, म्हणजे पडद्यावर हात अधिक वेगाने फिरताना दिसतात. मूठ हवेत फिरली तरी चाबूक कडाडतो, बाही हलली तरी वारा सुटतो. उंच उडीसाठी चौकटीबाहेर ट्रॅम्पोलिन किंवा कमरेला तार. झूम लेन्सचा तर इतका मुक्त वापर, की काही वेळा कॅमेऱ्यालाच ठोसा लागला असं वाटतं.

हे सगळं खोटं आहे आणि ते लपवण्याची फारशी खटपटही कुणी केलेली नाही. पण या चौकटीत एक गोष्ट खोटी नसते. माणसाचं शरीर.

हाँगकाँगच्या या मारामाऱ्यांचं मूळ बऱ्याच अंशी चिनी ऑपेरात आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बिआओ हे तिघेही यू जिम-युएन या गुरूच्या नाट्यशाळेत लहानपणापासून वाढले. पहाटेपासून कसरत, तासन्‌तास हातांवर उभं राहणं, चुकलं की वेताचा मार, आणि शाळेशी अनेक वर्षांचा करार. तिथल्या क्रौर्याचं समर्थन कुणी करू नये. पण सत्तरच्या दशकात कॅमेऱ्यासमोर आलेल्या पिढीचं शरीर अशा शाळांनी घडवलं, हे नाकारता येत नाही. दुसरा उगम खऱ्याखुऱ्या आखाड्यांचा. दिग्दर्शक लाउ कार-लिउंगचे वडील लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम हे दक्षिण चीनमधल्या प्रख्यात वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. याच वाँग फेई-हुंगवर क्वान टाक-हिंगला घेऊन १९४९ पासून चित्रपटांची रांगच लागली होती. एकट्या १९५६ मध्ये त्यांची संख्या दोन डझनांच्या घरात गेली. लाउ बाप-लेकांनी त्या मालिकेत कामं केली. म्हणजे पडद्यावरच्या नायकाची विद्या पडद्यामागच्या माणसाकडे गुरुपरंपरेने आलेली होती.

त्या परंपरेचं सर्वांत सुंदर रूप म्हणजे लाउचा १९७८ चा 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. नायक सान ते (गॉर्डन लिउ) मांचू सत्तेच्या जुलमातून पळून शाओलिन मठात येतो. आता तो लढायला शिकणार आणि सूड घेणार, अशी आपली अपेक्षा. लाउ मात्र आपल्याला चित्रपटाचा निम्म्याच्या आसपास भाग केवळ शिक्षणात बसवतो. जेवणघरासमोर पाण्याचं टाकं आहे, त्यात लाकडांची मोळी तरंगते. तिच्यावर पाय टाकून पलीकडे जायचं, तरच जेवण. सान ते धप्पकन पाण्यात पडतो. ओल्या अंगाने आणि रिकाम्या पोटाने परत फिरतो. रात्री एकटा येऊन सराव करतो. पुढच्या दालनात दोन्ही हात आडवे पसरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या. दंडांना आतल्या बाजूने सुरे बांधलेले, हात खाली आले की फासळ्यांत घुसणार. मनगटासाठी लांब दांड्याच्या जड हातोडीने घंटा वाजवायची. डोळ्यांसाठी दोन जळत्या धूपकाड्यांमध्ये डोकं स्थिर ठेवून हलता दिवा नजरेने पकडायचा. डोक्यासाठी टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना टकरा द्यायच्या.

यातलं एकही दृश्य महाग नाही. एक टाकं, दोन बादल्या, थोडी पोती. पण गॉर्डन लिउच्या दंडाची शीर तटतटलेली दिसते, खांदे थरथरताना दिसतात, आणि लाउ कॅमेरा दूर ठेवून माणूस नखशिखांत दाखवतो, घाईने कापत नाही. आजच्या शंभरपट खर्चाच्या चित्रपटांत ठोसा उगारलेला एका तुकड्यात आणि लागलेला दुसऱ्या तुकड्यात असतो. मध्ये कोण होतं ते कळत नाही. इथे कळतं. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत जोर काढणारा पोरगा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी युएन वू-पिंगचा 'ड्रंकन मास्टर' आला. त्यात जॅकी चॅन उलटा टांगलेला आहे. खालच्या बादलीतलं पाणी चिमुकल्या पेल्यांनी उचलायचं, पोट आवळून वर उठायचं आणि वरच्या बादलीत ओतायचं. प्रसंग विनोदी आहे, पण पोटाचे स्नायू विनोद करत नाहीत. बायकाही या मेहनतीत मागे नव्हत्या. किंग हूच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये (१९६६) चेंग पेई-पेई आपलं बॅले नृत्याचं शिक्षण घेऊन तलवारीला उभी राहिली. पहिल्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत, १९८२ मध्ये, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान कारा हुईला मिळाला तो 'माय यंग ऑन्टी' या कुंगफूपटासाठी. आपल्याकडे मारधाडीच्या भूमिकेतल्या नटीला असा मान तेव्हा मिळाला असता का, याची मला शंका आहे.

शरीराच्या या खरेपणाचं मोल सर्वांत आधी गरिबांनी ओळखलं. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरची पडकी थिएटरं कुंगफूपट सतत लावत. प्रेक्षक मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वस्त्यांतले. पुढे ऐंशीच्या दशकात शनिवारी दुपारी टीव्हीवर हेच चित्रपट लागू लागले. ते पाहत वाढलेल्या स्टेटन आयलंडच्या पोरांनी रॅपचा जथा काढला तेव्हा त्याचं नाव 'वू-टँग क्लॅन' ठेवलं. त्यांच्या १९९३ च्या पहिल्या अल्बमच्या नावात छत्तीस दालनं आली आणि गाण्यांमध्ये या चित्रपटांचे डब केलेले संवाद.

गोष्टी तरी कुणाच्या होत्या? 'द बिग बॉस'चा नायक थायलंडच्या बर्फाच्या कारखान्यात पोटासाठी आलेला मजूर आहे. 'फिस्ट ऑफ फ्यूरी'त (१९७२) शांघायच्या बागेवर कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव करणारी पाटी आहे. ब्रूस ली ती लाथेने फोडतो. त्याला फाटकावर अडवणारा पहारेकरी पगडीवाला शीख आहे, कारण इंग्रजांनी शांघायच्या वसाहतीत बंदोबस्ताला पंजाबातून माणसं नेली होती. भारतीय प्रेक्षकाला तिथे टोचतं, आणि टोचावंच. बंदूक, पैसा, सरकार सगळं समोरच्याकडे. आपल्याकडे हात-पाय आणि सराव. हार्लेममध्ये, नैरोबीत किंवा गिरणगावात जन्मलेल्या मुलाला ही गोष्ट भाषांतराविना कळते. या लाटेचं जगभर वाजलेलं गाणं, 'कुंग फू फायटिंग' (१९७४), जमैकात जन्मलेल्या कार्ल डग्लसने लंडनमध्ये गायलं आणि त्याचा निर्माता होता आपला बंगळूरचा बिद्दू, ज्याने पुढे 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' दिलं.

अर्थात तळाशी गाळही भरपूर. २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला आणि नकली ब्रूसची फौज उभी राहिली: ब्रूस ली ऐवजी ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली. १९७८ मध्ये पुरा केलेल्या 'गेम ऑफ डेथ'मध्ये एका ठिकाणी खऱ्या ब्रूस लीच्या चेहऱ्याचं कात्रण आरशावर लावून काम भागवलं आहे. ते पाहताना मला हसू येत नाही, वाईट वाटतं. गॉडफ्री हो याने ऐंशीच्या दशकात भलत्याच चित्रपटांच्या रिळांत निंजांची दृश्यं घुसडून डझनावारी चित्रपट काढले. 'निंजा टर्मिनेटर'मध्ये रिचर्ड हॅरिसन गारफिल्ड मांजराच्या आकाराच्या फोनवर गंभीरपणे बोलतो. हे चित्रपट मित्रांसोबत एकदा पाहायला ठीक. दुसऱ्यांदा त्यांच्याकडे कुणी वळत नाही, कारण त्यांत शिकलेलं शरीर नाही. स्वस्त असणं आणि कष्टचुकार असणं यातला फरक इथे उघडा पडतो.

जिमी वाँग यूचा 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' (१९७६) या दोहोंच्या मधला. आंधळा सूडकरी साखळीला बांधलेली टोपी फेकतो आणि मुंडकं घेऊन ती परत येते. कल्पनेचा असा माज मोठ्या भांडवलाला परवडत नाही. त्याच चित्रपटात तोंडाला काळं फासलेल्या चिनी नटाने रंगवलेला भारतीय योगी आहे, त्याचे हात हवे तेवढे लांब होतात. 'स्ट्रीट फायटर टू' या व्हिडिओ गेममधला धालसिम याच्यावरूनच सुचला असं मानलं जातं. चित्रपट मला आवडतो. हा योगी मात्र आपल्या देशाची थट्टा आहे, आणि चित्रपटाच्या प्रेमापोटी ती माफ करण्याचं कारण नाही.

या चित्रपटांनी पाहणाऱ्याला करायलाही लावलं. आपल्याकडे सलूनच्या भिंतीवर ब्रूस ली लागला आणि गल्लीबोळांत कराटेचे वर्ग निघाले. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला आणि यंत्रमागावर राबणाऱ्या गावाला स्वतःचा सिनेमा मिळाला. तो कुंगफूपट नाही, पण हाताशी आहे तेवढ्यात सिनेमा करण्याची हिंमत तीच. युगांडात कंपालाच्या वाकालिगा वस्तीत आयझॅक नब्वाना यांनी 'हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?' (२०१०) असाच जमेल त्या साहित्यात बनवला, त्यात कुंगफूही आहे. आणि वासन बाला यांच्या 'मर्द को दर्द नहीं होता'चा मुंबईकर नायक व्हिडिओ कॅसेटवरचे मारधाडपट पाहूनच घडतो. २०१८ मध्ये टोरांटो महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागातला प्रेक्षकपसंतीचा मान त्याला मिळाला.

शॉ ब्रदर्सने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला चित्रपटनिर्मिती जवळपास थांबवून टीव्हीकडे मोर्चा वळवला. त्यांचा साडेसातशेच्या वर चित्रपटांचा साठा सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेऊन २००२ पासून स्वच्छ करून बाजारात आणला. पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्यातला 'थर्टी सिक्स्थ चेंबर' घ्यावा, मूळ भाषेत, उपशीर्षकांसह. हसायचं ते हसावं, पण टाक्यावरचं दृश्य आलं की मोबाइल बाजूला ठेवावा.

मोठ्या कंपनीचे चित्रपट असे वाचले. तैवान-हाँगकाँगच्या छोट्या निर्मात्यांच्या अनेक चित्रपटांची चांगली प्रत उरलेली नाही. व्हिडिओ कॅसेटवर आहे तेवढाच त्यांचा जीव. नव्वदच्या दशकात व्हिडिओ लायब्ररी चालवलेल्यांच्या माळ्यांवर आजही खोकी पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतल्या फितीला बुरशी चढते. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत असं खोकं हाती लागलं, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. आधी फिती डिजिटल करून घ्या.